टाकीच्या भिंतीवरचा तपकिरी पहारेकरी

टर्बट नावाच्या माशाचं बालपण भलतंच विचित्र असतं. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा तो चारचौघा माशांसारखाच असतो. एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे, अंग उभं. मग काही आठवड्यांत त्याचा उजवा डोळा जागा सोडतो आणि कपाळावरून सरकत सरकत डाव्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसतो. अंग चपटं होतं, आणि मासा उजव्या कुशीवर आडवा होऊन समुद्राच्या तळाशी राहायला जातो. आपल्याकडे कोळणीच्या पाटीत लेपा दिसतो ना, तसल्याच चपट्या माशांपैकी हा युरोपातला. तिकडच्या हॉटेलांत त्याला मोठा भाव आहे.

डोळ्याच्या या प्रवासावर एक अख्खा लेख होईल, आणि संपादकांनी जागा दिली तर लिहीनही. आज मात्र ज्यांचा डोळा हलायची वेळच येत नाही, अशा पिल्लांकडे बघू या. ती पहिल्या पंधरवड्यातच मरतात. एकदोन नाही, हजारोंनी. संध्याकाळी टाकीत पिल्लं नुसती झिलमिलत असतात आणि सकाळी बघावं तर तळाशी पांढुरका थर. हॅचरी चालवणाऱ्याला यापेक्षा वाईट सकाळ नसते.

हॅचरी म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची जागा. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे, अटलांटिक महासागराला खेटून. तिथे टर्बटची शेती चालते. शेती म्हणजे जमिनीवर बांधलेल्या मोठमोठ्या टाक्या आणि त्यांत पंपाने आणलेलं समुद्राचं पाणी. टर्बटची आई अंड्यांच्या बाबतीत अजिबात कंजूष नाही, ती लाखोंनी अंडी देते. पण एकेक अंडं जेमतेम 1 मिलीमीटरचं. त्यातून निघणारं पिल्लू साधारण 3 मिलीमीटर लांब. स्वयंपाकघरातून जिऱ्याचा एक दाणा आणून तळहातावर ठेवा. पिल्लू त्याहूनही लहान.

असं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर गंमतच दिसते. ते इतकं पारदर्शक असतं की त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसतं. डोक्यात दोन काळे ठिपके, ते डोळे. पोटाशी एक गोल पिशवी, आईने अंड्यात भरून दिलेला बलक. आणि एक साधीशी नळी, ते त्याचं आतडं. जठर अजून तयारच झालेलं नसतं. तोंड? तेही बंद! ते उघडायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर बलकावर भागतं. मग बलक संपत येतो, तोंड उघडतं आणि पिल्लाला पहिल्यांदा भूक लागते.

इथूनच खरी भानगड सुरू होते.

कारण या पोराचे नखरे फार. त्याला कोरडा, दाणेदार खाऊ चालत नाही. खाऊ समोर वळवळला पाहिजे, तरच ते त्याच्यावर झडप घालणार. म्हणून हॅचरीत पिल्लांच्या टाकीशेजारी खाऊच्याही टाक्या असतात. त्यांत रोटिफर नावाचे बारीक जीव वाढवतात. मिलीमीटरचा पाव भागसुद्धा धड भरत नाही असा जीव, डोक्यावर केसांचं कडं, ते गरागरा फिरल्यासारखं दिसतं आणि त्याच्या भोवऱ्यात सापडेल ते तोंडात ओढलं जातं. पिल्लं जरा मोठी झाली की त्यांना आर्टेमियाची पोरं देतात. आर्टेमियाची अंडी म्हणजे तर चमत्कारच. खारट तळ्यांच्या काठावर ती कोरडी, भुकटीसारखी गोळा करतात, डब्यात भरून जगभर पाठवतात, ती वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात त्यातून जिवंत पिल्लं बाहेर!

आता रोटिफर काय खातो? एकपेशीय शेवाळ खातो, यीस्ट खातो आणि जिवाणूही खातो. त्याच्या टाकीतलं पाणी म्हणजे जिवाणूंनी गच्च भरलेलं पाणी. एका रोटिफरबरोबर हजारो जिवाणू फुकटात येतात. पिल्लाने पहिला घास घेतला की हे सगळे सरळ पोटात.

आणि समजा पिल्लाने काही खाल्लंच नाही, तरी सुटका नाही. समुद्रातल्या माशांना पाणी प्यावं लागतं. बाहेरचं पाणी त्यांच्या अंगातल्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं, आणि ते भरून काढायला मासा घोट घोट पीत राहतो. साध्या समुद्राच्या पाण्यातही एका मिलीलीटरमध्ये साधारण 10 लाख जिवाणू असतात. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा 5 मिलीलीटरचा चमचा भरला तर झाले 50 लाख. घाबरू नका, त्यातले बहुतेक कुणाच्या अध्यात ना मध्यात. समुद्रात पोहताना नाकातोंडात पाणी जातं तेव्हा तुम्हीही ते प्यायलेले असता.

पण त्या गर्दीत एखादा गुंडही असतो.

त्याचं नाव व्हिब्रिओ अँग्विलारम. स्वल्पविरामासारखा वाकडा, मागे शेपटी, पोहण्यात पटाईत. कॉलरा ज्याच्यामुळे होतो तो व्हिब्रिओ कॉलरी याचाच चुलतभाऊ. 1909 साली स्वीडनमधल्या बर्गमन या शास्त्रज्ञाने आजारी वाम माशांमध्ये तो शोधून त्याला हे नाव दिलं. आज समुद्री मत्स्यशेतीत जगभर त्याची दहशत आहे. खाऊबरोबर तो पिल्लाच्या आतड्यात शिरतो, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो, आणि मग पिल्लाचं सगळं अंगच त्याचं होतं. मोठ्या माणसाच्या जठरातलं आम्ल असल्या कित्येक पाहुण्यांना दारातच गारद करतं. पिल्लाकडे ते आम्लच नाही. आजाराशी लढणारी शरीरातली फौजही अजून भरती झालेली नाही.

व्हिब्रिओ मंडळींची दुसरी ताकद म्हणजे वेग. यांच्या कुटुंबात व्हिब्रिओ नॅट्रिएजेन्स नावाचा एक जण आहे. सगळं मनासारखं मिळालं तर तो 10 मिनिटांच्या आत एकाचे दोन होतो. वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून बघा. 10 मिनिटांनी 2, 20 मिनिटांनी 4, अर्ध्या तासाने 8. आठ म्हणजे काय, किरकोळ! पण असंच चार तास चालू द्या. चार तासांत 24 वेळा दुप्पट, म्हणजे 1,67,77,216. एकापासून दीड कोटीच्या वर, तुमची शाळा सुटायच्या आत. आपला अँग्विलारम इतका सुसाट नाही, पण घराणं तेच. फुकटचं खायला मिळालं की हे लोक इतर जिवाणूंच्या आधी वाढून मोकळे होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बरं, मग उपाय काय?

तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी मनात म्हटलं असेल, औषध द्या. दिलं ना. पुष्कळ वर्षं दिलं. पण तीन मिलीमीटरच्या हजारो रुग्णांना एकेक गोळी कोण भरवणार? प्रतिजैविक सगळ्या टाकीतच ओतावं लागतं. त्यात वाईट जिवाणूंबरोबर चांगलेही मरतात, आणि जे वाईट त्यातूनही वाचतात त्यांच्या पोरांवर पुढच्या वेळी ते औषध चालत नाही. हे भांडण नुसतं माशांपुरतं राहत नाही, कारण असली प्रतिजैविकं माणसालाही लागतात.

मग लस द्या! हा सल्ला सामन माशासाठी एकदम बरोबर निघाला. नॉर्वेत 1987 साली सामनच्या शेतीत जवळपास 50 टन प्रतिजैविकं वापरली गेली. मग लसी आल्या, आणि मासे कित्येक पटींनी वाढूनही आज तिथे वर्षाला एक टनसुद्धा लागत नाही. पण सामनला सुई टोचतात तेव्हा तो बोटाएवढा तरी झालेला असतो. टर्बटच्या पिल्लाला टोचायला गेलो तर सुईच पिल्लाच्या अंगाएवढी जाड! शिवाय लस म्हणजे शरीराला दिलेला धडा, आणि ते शिकायला लागणारी यंत्रणा या वयात पिल्लाच्या अंगात तयारच नसते.

तिसरा उपाय प्रत्येक घरातल्या आजीला पटेल असा. स्वच्छता! पाणी गाळा, त्यावर अतिनील किरण सोडा, टाक्या धुवा, भिंती घासा. एकही जंतू शिल्लक ठेवू नका. हॅचरीवाल्यांनी हे मनापासून केलं. आणि बऱ्याचदा पिल्लं तरीही मेली. कधी कधी तर आणखी जास्त मेली.

असं का व्हावं? एसटी स्टँडवर रिकामी गाडी लागते तेव्हा काय होतं आठवा. दार उघडायच्या आत कोण आत असतं? जो धक्काबुक्कीत तरबेज तो. शांतपणे रांगेत उभी राहिलेली माणसं खालीच राहतात. पण तीच गाडी मागच्या गावाहून भरून आलेली असेल, प्रत्येक सीटवर कुणी ना कुणी बसलेलं असेल, नाहीतर खिडकीतून टाकलेला रुमाल तरी असेल, तर त्या धटिंगणाला आत शिरून काय मिळणार? दांडीला लोंबकळणं. निर्जंतुक केलेलं पाणी म्हणजे ती रिकामी गाडी. जंतू गेले, पण त्यांचं खाणं मागे राहिलंच, उलट मेलेल्या जिवाणूंची त्यात भर पडली. वर आपण त्यात पिल्लं सोडली, रोटिफर सोडले, म्हणजे आणखी खाणं आलं. मग पंपातून, नळीतून, रोटिफरच्या अंगावरून जे थोडे जिवाणू शिरतात त्यांत सगळ्यात आधी कोण वाढणार? ते चार तासांचं गणित करणारे.

नॉर्वेत ट्राँडहाइम नावाचं शहर आहे. तिथल्या ओलाव वाडस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात याच्या बरोबर उलटं करून पाहिलं. पाणी गाळून घेतलं, पण लगेच पिल्लांना दिलं नाही. आधी ते अशा टाक्यांमधून फिरवलं जिथे पुष्कळ पृष्ठभाग होता आणि त्यावर जिवाणूंचे थर बसलेले होते. त्या सावकाश वाढणाऱ्या, थोडक्यात भागवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातलं मोकाट खाणं आधीच फस्त केलं. मग ते मुरलेलं पाणी पिल्लांना दिलं. पिल्लं जास्त जगली, जास्त चांगली वाढली. पाण्यात जंतू होतेच की! पण सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा शोध हाच. पण तो बातमीत येत नाही, कारण त्यात ठळक नायक नाही. नायक पाहिजे असेल तर परत गॅलिसियाला चला.

डेन्मार्क आणि स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की टर्बटच्या हॅचरीत आधीपासूनच राहणाऱ्या जिवाणूंमध्ये व्हिब्रिओला पुरून उरणारा कुणी आहे का ते शोधायचं. बाहेरून पाहुणा आणायचा नाही, घरातलाच माणूस हुडकायचा. पण घरातली माणसं किती? अब्जावधी! त्यातून एक कसा काढणार?

युक्ती ऐका. पाणी, खाऊ, टाकीच्या भिंती, सगळीकडून नमुने घ्यायचे आणि बशीत ओतलेल्या अगारवर पसरायचे. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली जेली. एकेक जिवाणू वाढून त्याचा एकेक ठिपका होतो, टाचणीच्या डोक्याएवढा. आता एक मखमलीचा तुकडा घ्यायचा आणि त्या बशीवर अलगद दाबायचा. प्रत्येक ठिपक्यातले थोडे थोडे जिवाणू मखमलीला चिकटतात, जिथल्या तिथे. ती मखमल दुसऱ्या बशीवर ठेवायची, आणि या दुसऱ्या बशीतल्या जेलीत आधीच व्हिब्रिओ कालवून ठेवलेला असतो. एकदोन दिवस थांबायचं. व्हिब्रिओ वाढतो आणि सगळी बशी धुरकट होते. मात्र ज्या ठिपक्याभोवती व्हिब्रिओला वाढता आलं नाही, तिथे स्वच्छ, आरपार दिसणारं एक कडं पडतं. धुरकट बशीत ते कडं दिसलं की समजायचं, हा इथे राहतो आणि शेजारी गुंडाला फिरकू देत नाही.

2004 साली या कामाचा निकाल प्रसिद्ध झाला. सुमारे 8500 ठिपके तपासले. कडं पडलं 196 भोवती. पुन्हा पुन्हा तपासल्यावर शेवटपर्यंत टिकले फक्त 32. आणि त्या 32 मध्ये एक गोम होती. त्यातले 17 स्वतःच व्हिब्रिओ निघाले! म्हणजे एका गुंडाला दुसरा गुंड जागा देत नव्हता, एवढंच. यातल्या बारांना टर्बटच्या पिल्लांबरोबर ठेवून पाहिलं, तर चौघांनी पिल्लंच मारून टाकली. बशीत हुशार दिसणारा टाकीत कसा वागेल याचा भरवसा नाही, म्हणून कड्याच्या पुढची ही परीक्षा घ्यावीच लागते. बशीवरच भाळून थांबले असते तर चोराच्या हातीच किल्ल्या गेल्या असत्या.

उरले 15. ते सगळे रोझिओबॅक्टर नावाच्या गटातले. त्यातल्या एकाला प्रयोगशाळेतला नंबर मिळाला, 27-4. हाच आपला नायक. नाव असं रुक्ष आहे खरं, पण शास्त्रज्ञ बारसं उरकण्यात वेळ घालवत नाहीत. पुढे या जिवाणूचं नाव बदलून फीओबॅक्टर झालं.

हा राहत कुठे होता? मुख्यतः टाकीच्या भिंतीवर. घरातल्या पाण्याच्या पिंपात आतून हात फिरवला तर बुळबुळीत लागतं ना? तो जिवाणूंनी एकत्र येऊन बांधलेला थर असतो. तसाच थर हॅचरीच्या टाक्यांनाही धरतो, आणि कामगार तो ब्रशने खरवडून काढत असतात. (तुम्ही तुमचं पिंप मात्र घासाच. तुमच्या पिंपात टर्बट नाही.) त्याच वर्षी आणखी एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. दोन हॅचऱ्या, वर्षभर नमुने, सुमारे 19,000 ठिपके. दोन्ही ठिकाणी, वर्षभर, जवळजवळ एकाच प्रकारचा रोझिओबॅक्टर सापडत राहिला. माणसं औषध शोधत होती आणि ते भिंतीला चिकटून बसलेलं होतं.

आता जरा जवळून बघू. पोषक द्रवात हा जिवाणू वाढवला आणि बाटली न हलवता तशीच ठेवली तर द्रव तपकिरी होतो आणि वर एक थर धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, की जिवाणू एकेकटे नाहीत. त्यांनी एकमेकांच्या टोकाला टोक लावून चांदणीसारखे गुच्छ केले आहेत. हा तपकिरी रंग दिसला की ओळखायचं, साहेब कामाला लागले. कारण या रंगाबरोबरच तो एक रसायन बनवत असतो, ट्रोपोडायथायेटिक अॅसिड. उच्चारताना जीभ अडखळली ना? शास्त्रज्ञांचीही अडखळत असावी, तेही टीडीएच म्हणतात.

टीडीए करतं काय? प्रत्येक जिवाणूच्या आवरणाच्या आत आणि बाहेर विद्युतभारित कण असतात, आणि आतबाहेरच्या या फरकावर जिवाणूचा संसार चालतो. शेपटी फिरवायची शक्ती त्यातून, अन्न आत ओढायची शक्तीही त्यातून. टीडीए बाहेरचे हायड्रोजनचे कण आत आणतं आणि आतले पोटॅशियमचे कण बाहेर नेतं. फरकच राहिला नाही, की सगळं ठप्प. आणि एक साधा प्रश्न तुमच्या मनात यायलाच हवा, मग हे विष बनवणारा स्वतः कसा मरत नाही? त्याच्याकडे याची तोड असते. विष बनवायची जनुकं जशी आहेत, तशी ते झेलायचीही आहेत. शास्त्रज्ञांनी मुद्दाम इतर जिवाणूंना टीडीएची हळूहळू सवय लावून पाहिली, तर ती सहजासहजी लागेना. प्रतिजैविकांना निर्ढावणारे जिवाणू इथे मात्र अडले.

पण हा पहारेकरी पिल्लाच्या पोटात पोचवायचा कसा? ज्या वाटेने चोर येतो त्याच वाटेने. स्पेनमध्ये व्हिगो शहरातल्या सागरी संशोधन संस्थेतले मिकेल प्लानास आणि त्यांच्या सोबत्यांनी रोटिफरना काही काळ या जिवाणूच्या पाण्यात ठेवलं. रोटिफरांनी ते पोटभर खाल्ले. मग ते रोटिफर पिल्लांना दिले. काही पिल्लांना व्हिब्रिओ भरलेले रोटिफर, काहींना व्हिब्रिओही आणि 27-4 ही. 2006 साली त्यांनी लिहिलं, की नुसता व्हिब्रिओ मिळालेली पिल्लं जास्त मेली, आणि जोडीला 27-4 मिळाला तिथे मरणाऱ्यांची संख्या व्हिब्रिओ न दिलेल्या पिल्लांइतकी खाली आली. लक्षात घ्या, शून्यावर नाही आली. टर्बटची पिल्लं निरोगी टाकीतही पुष्कळ मरतात, ते वयच नाजूक. आणि हा पहारेकरी पिल्लाच्या आतड्यात कायमचं घर करत नाही. जेवणाबरोबर येतो, आपलं काम करतो, पुढे निघून जातो. म्हणून तो खाऊतून पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

2012 मध्ये डेन्मार्कमधल्या चमूने कॉड माशाच्या पिल्लांवर प्रयोग केला, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात एक चलाखी आहे. व्हिब्रिओच्या तावडीत दिलेल्या पिल्लांना फीओबॅक्टरची सोबत दिल्यावर शंभरातली साधारण 10 मेली. व्हिब्रिओ न दिलेल्या पिल्लांतही याहून जास्त मेली होती! पण काम टीडीएनेच केलं हे कशावरून? कदाचित नुसती जागा अडवूनही भागलं असेल. म्हणून त्यांनी फीओबॅक्टरचा असा एक भाऊ वापरला ज्याला टीडीए बनवता येत नाही, बाकी सगळं तेच. त्याने काही वेळा थोडीफार मदत केली, पण मूळ फीओबॅक्टरच्या जवळपासही तो पोचला नाही. म्हणजे गाडीत रुमाल टाकण्याचा उपयोग थोडा, खरी मदार त्या तपकिरी रसायनावर.

इतकं कौतुक केलं, आता याची एक खोडीही सांगितली पाहिजे. 2011 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की समुद्रात हा जिवाणू एमिलियानिया हक्सलेई नावाच्या एकपेशीय शेवाळाबरोबर राहतो. शेवाळ त्याला खाऊ देतं, हा शेवाळाला शत्रूंपासून सांभाळतो. छान मैत्री. पण शेवाळ म्हातारं झालं की त्यातून एक विशिष्ट रसायन बाहेर पडतं, त्याची चाहूल लागताच हा दुसरंच एक विष बनवतो आणि त्याच शेवाळाला मारतो! हॅचरीत शेवाळाच्या टाक्याही असतात, रोटिफरांच्या खाऊसाठी. म्हणून याला तिथे सोडण्याआधी तपासावं लागलं. डेन्मार्कच्या प्रयोगात हॅचरीतल्या नेहमीच्या शेवाळांबरोबर तो मुकाट्याने वाढला आणि व्हिब्रिओ तेवढा घटला.

तुम्ही अलिबाग-पेणकडचे असाल तर इतका वेळ मनात म्हणत असाल, टर्बट आणि कॉड राहू द्या, आमच्या जिताड्याचं काय? गोव्याची मंडळी त्यालाच चोणक म्हणतात. जिताडा खाडीतला, खाजणातला मासा, आता सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये पिंजऱ्यांतही वाढवतात. त्याची पिल्लं हॅचरीत तयार करायचं तंत्र भारतात चेन्नईच्या सीबा या संस्थेने 1997 साली जमवलं. ही पिल्लंही आधी रोटिफर खातात, मग आर्टेमिया, आणि व्हिब्रिओ त्यांच्याही मागे लागतो. पण गॅलिसियाचा 27-4 विमानात घालून इकडे आणला की झालं, असं नाही. तिकडची टाकी अठरा-वीस अंशांची, आपलं पाणी अठ्ठावीस-तीस अंशांचं. इथल्या उन्हात, इथल्या पाण्यात टिकून राहिलेला पहारेकरी इथल्याच टाकीच्या भिंतीवर शोधावा लागतो. पद्धत तीच, अगारच्या बशा, मखमल आणि चिकाटी.

जिताड्याच्या पिल्लांचा आणखी एक ताप आहे, आणि त्यावर कुठलाच जिवाणू कामाचा नाही. टर्बटला व्हिब्रिओ खातो, जिताड्याच्या पिल्लाला त्याचा सख्खा भाऊच खातो! एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांतलं एखादं जरा भराभर वाढलं, की ते शेजारच्या बारक्याला अख्खं गिळतं. कधी कधी गिळता गिळता अर्धवट अडकतं, आणि मग दोघंही मरतात. त्यामुळे जिताड्याच्या हॅचरीतली माणसं दर थोड्या दिवसांनी चाळणी घेऊन टाकीपाशी बसतात. मोठी या टाकीत, मधली त्या टाकीत, बारकी पलीकडे. पुढच्या फेरीला बारक्यांतलं कुणीतरी परत दांडगं झालेलं असतंच.